वॉटर पंपचं अर्ध्या दिवसाचं काम

७ मार्च, शनिवार. सकाळी साडेसात.
गाडीखाली पुन्हा हिरवं डबकं. वॉटर पंप गळतोय. उद्या आईला धाकट्या भावाकडे पोचवायचं आहे. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे, अशी वडील गेल्यापासूनची पद्धत. मेकॅनिक म्हणाला, आणा, तीन तासांत करून देतो. तीन तासांत उरकतात त्याला काम म्हणत नाहीत. पंप मी स्वतः बदलणार. व्हिडिओ दोनदा पाहिला. अर्ध्या दिवसाचं काम.

आईला जायचं नाहीये, हे मला कळतं. बॅग परवाच भरून ठेवलीय, पण ती सवय. इथे तिला कशाची ददात नाही. खोलीत वेगळा टीव्ही दिला, औषधांना वारांचे कप्पे असलेली डबी आणली. एकदा तोंडाने म्हणाली की मी इथेच राहते, तर धाकट्याला तसं सांगायला मी मोकळा. विचारणार मात्र नाही. तिने आपणहून म्हणायला हवं.

संध्याकाळी.
कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, काढलं. ज्यात काढलं तो बायकोचा पडदे भिजवायचा टब निघाला. इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडू नये, हे व्हिडिओत अगदी शेवटी सांगतात. हाताला मलम. प्रगती समाधानकारक.

८ मार्च, रविवार.
जुना पंप निघाला. सहापैकी पाच बोल्ट आले, सहावा आतच तुटला. गंजलेला होता, माझा दोष नाही. धाकट्याला फोन केला, एकदोन दिवस उशीर होईल. म्हणाला, दादा, मेकॅनिकला देऊन टाक ना. लहानपणापासून उतावळा.

आई खुर्ची घेऊन गाडीपाशी येऊन बसली. बोल्ट हरवतील म्हणून तिने ते चष्म्याच्या घरात ठेवले.

९ मार्च, सोमवार.
चार दिवसांची रजा टाकली. कारण: कौटुंबिक. नवा पंप आणला, तो आधीच्या मॉडेलचा निघाला. दुकानदाराने नीट विचारायला नको का? बदलून आणला. दिवस गेला.

आई सांगत होती, तिला गाडी चालवायला शिकायचं होतं. वडील हसले, म्हणून राहून गेलं. मला ठाऊकच नव्हतं. म्हटलं, कधी बोलली नाहीस. तर म्हणाली, तू बसलास कधी? आता ऑफिस असल्यावर माणूस बसणार कसा.

१० मार्च, मंगळवार.
तुटका बोल्ट मेकॅनिकने येऊन ड्रिलने काढला. त्याने केलं ते एवढंच. जाताना म्हणाला, आलोच आहे तर पंपही बसवून देतो. आई म्हणाली, त्याला करू दे की रे. माझी दया येते तिला. मी नको म्हटलं.

जुनं गॅसकेट, म्हणजे पंपामागची गळती रोखणारी पातळ पट्टी, चिकटून बसलेलं. निम्मं आईने सुरी घेऊन खरवडलं. तिचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. खरवडता खरवडता म्हणाली, तुम्ही दोघं कामाला गेलात की दुपारी घर खायला उठतं. म्हटलं, टीव्ही लावत जा. ती पुन्हा सुरी घेऊन खरवडू लागली. मी चुकीचं काही बोललो नव्हतो.

१२ मार्च, गुरुवार.
पंप बसला! बेल्ट चढवला, कूलंट भरलं, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. थेंबसुद्धा नाही. आईने स्वतः वाकून गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा चाचपला. कोरडा ठणठणीत. म्हणाली, झालं ना? मग उद्या निघू या. म्हटलं, टेस्टिंग बाकी आहे.

१३ मार्च, शुक्रवार.
रजा वाढवली. एक बोल्ट कमी आवळला गेला असावा, अशी सकाळी शंका आली. लांबचा प्रवास, शंका नको. पंप उघडला. उघडताना गॅसकेट फाटलं. नवं सोमवारी मिळेल. वाईट वाटलं. खरं लिहायचं तर फारसं नाही वाटलं. आईने खुर्ची आणलीच होती. मी दुसरीत असताना गावभर हिंडून मला कसं शोधलं होतं, ते तिने आज पहिल्यापासून सांगितलं.

मला वाटतं, ती आता बोलेल. उद्या किंवा परवा.

१५ मार्च, रविवार.
दहाला धाकटा आपली गाडी घेऊन दारात. आईने त्याला पहिल्याच दिवशी फोन केला होता म्हणे, की दादाच्याने लवकर व्हायचं नाही, तुला सवड झाली की ये. बॅग त्याने उचलली. मी पाना धरून उभा. मग हळूच म्हणाला, दादा, आई आता कायमची आमच्याकडेच राहते म्हणतेय, तुला सांगायचं तिच्या जिवावर आलंय. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला, तिच्या बोटांना ग्रीस लागलं. गाडी वळली आणि मला रडू आलं. हिने पाहिलं आणि माझ्या हातातला पाना काढून घेतला.

१६ मार्च, सोमवार.
मेकॅनिकने सकाळी पंप बसवला. चाळीस मिनिटं लागली. गाडी उत्तम चालतेय. ऑफिसला तिनेच गेलो.

ही आज सांगत होती. निघायच्या आधी आई तिला म्हणाली, हे आठ दिवस फार बरे गेले गं. पोरगा जवळ बसला, बोलला. वाटलं, इथेच राहावं. पण गाडी काय रोज थोडीच बिघडते?

आईला रोज फोन करायचा ठरवलं आहे. रोज, कमीत कमी अर्धा तास. उद्यापासून. आज ऑफिसात आठवड्याचं काम साठलं होतं, यायला उशीर झाला.