कातळहिप्परग्याच्या शाळेचं फाटक

३ मार्च १९८६
आज रुजू झालो. नांदेडहून तीन एस.ट्या बदलल्या, धुळीनं केस पांढरे झाले, पण मन खुशीत आहे. पहिलीच नोकरी, तीही हायस्कूलवर, विज्ञान शिकवायला. फलकावर नव्यानं 'जि. लातूर' रंगवलंय; खालून जुनं 'उस्मानाबाद' अजून डोकावतं. शिपाई गुरुलिंग सांगत होता, ही शाळा गावानं बांधली. घरटी एका माणसानं ओढ्यातले दगड डोक्यावर वाहिले. म्हणून सगळे 'आमची शाळा' म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी चार घरांतून जेवायचं बोलावणं आलं.

१० मार्च
गावच्या विहिरी आटल्या. पाणी उरलंय ते शाळेच्या आवारातल्या विहिरीला. दिवसभर बायांची रीघ, भांडणं, घागरींचा खणखणाट. दहावीची परीक्षा तोंडावर. हेडमास्तर अमृतरावांनी ठरवलं, पाणी पाचनंतर. तोवर फाटकाला कुलूप. किल्ली माझ्याकडे दिली. माणूस नवा आहे पण शिस्तीचा आहे, म्हणाले. खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

१८ मार्च
कालचं आज लिहितोय.
दुपारी बारा वाजता केवळाबाई आली. साठीची बाई, एकटीनं नात सांभाळणारी. नात साखरा माझ्या आठवीत. ती तापानं घरी पडलेली.
"सर, एकच घागर घिऊ द्या. पोरगी लई तापलीय."
मी म्हणालो, पाच वाजता या मावशी, एकीला सोडलं की सगळ्या येतात.
"बरं," म्हणाली. भांडली नाही. बाहेरून फाटकाला पाठ टेकून खाली बसली. तिथं सावली नव्हती.
वर्गात येऊन मी मुलांना शिस्तीवर दोन वाक्यं ऐकवली. खिडकीतून तिचा पदर दिसत होता. दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पदर हलला तेव्हा वाटलं, डुलकी लागली असेल. मी माझा पाण्याचा तांब्या संपवला आणि तास पुढे चालू ठेवला.
पाचला कुलूप काढलं. फाटक बाहेर ढकललं, ढकललं जाईना. ती टेकलेली होती. तशीच.

१९ मार्च
केवळाबाईच्या मृत्यूचा पोलिसांपुढे जबाब झाला. अमृतरावांनी सांगितलं तसा लिहिला : फाटक उघडे होते, बाई पाण्यासाठी आत आलीच नाही. खाली सही केली. अक्षर छान आलं.
पाराजवळून परतलो. एकदोघांनी नेहमीसारखा नमस्कार केला.
गुरुलिंग म्हणाला, पायाचे दगड वाहणाऱ्यांत केवळाबाई होती. तेव्हा तिच्या पोटात मुलगी होती, साखराची आई.

२१ मार्च
फाटक आता दिवसभर सताड उघडं. पाण्याला एकही बाई येत नाही. अमृतरावांनी दवंडी दिली, तरी नाही. बाया दोन कोस पलीकडच्या झऱ्यावर जातात. मुलं मात्र रोज शाळेत येतात, वेळेवर. घरून भरून आणलेलं पाणी पितात.

२४ मार्च
सकाळी मुलं यायच्या आत वर्गातून बाहेर निघालो, तर दार उघडेना. बाहेरच्या अंगाला भार होता — टेकून बसलेल्या माणसाचा असतो तसा, मऊ. गुरुलिंग व्हरांड्यातून आला, एका हातानं उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. म्हणाला, सर, दार तर हलकं हाय.
मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

२६ मार्च
साखरा बरी होऊन आली. पहिल्या बाकावर बसली. मी विचारायला हवं होतं, कोण सांभाळतं तुला. पाठ्यपुस्तक उघडलं. पान तीस.
ऑफिसचं दार. तोच भार.

२९ मार्च
बदलीचा अर्ज केला. कारण : प्रकृती. तेही खोटं —

३० मार्च
रविवार. भर दुपार. माझ्या खोलीचं पत्र्याचं दार. दोन्ही हात लावले, खांदा लावला. फटीतून लुगड्याचा काठ दिसतो. हाका मारल्या, मावशी, मावशी. शेजारचा म्हणे, कुणाशी बोलता सर, इथं कुणीच —

त्यानंही ओढून पाहिलं. त्याला उघडलं. मी उंबऱ्याशी गेलो की पुन्हा —

खरा जबाब लिहायला बसलो. उद्या लातूरला जाऊन देईन. हातातून उतरलं, 'फाटक उघडे होते'. खोडलं. पुन्हा तेच. चौथ्यांदा तेच. हात माझाच आहे. कुणी धरलेला नाही.

दार हललं. भार गेला. म्हणजे ती उठून —

लिहितो मावशी. लिहितोय. फाटक