‘रुसली’चं बटण

४ जुलै, शुक्र.
कारखान्यात जायला लागून आज महिना झाला. प्रत्येक मशीनपाशी टॅबलेट बसवलाय. काम अडलं की यादीतलं कारण निवडून बटण दाबायचं. एवढी लांबलचक यादी, आणि कामगार दाबतात एकच: ‘इतर’. प्रबंधाचं प्रकरण ३ आयतंच मिळालं! ‘डिजिटल बदलाला कामगारांचा विरोध’. गाइड मॅडम खूश. मीही. भिंगारला घरी पोचेपर्यंत रिक्षातच निम्मं प्रकरण डोक्यात लिहून झालं.

९ जुलै
लेथवरच्या रशीदचाचांना सरळच विचारलं, टॅबलेट का आवडत नाही?
“आवडतंय की. पन माझं कारन त्यात न्हाई.”
“कोणतं?”
“मशीन रुसली.”
मी हसले. ते नाही हसले.
“बंद न्हाई, बिगडली बी न्हाई. आवाज बदलतो, हाताला कळतं. दोन दिसांत बंद पडतीच. मंग ‘इतर’ न्हाई तर काय दाबू?”
विरोध कसला, डोंबल! यादी करताना यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि महिनाभर मीही नाही. लाज वाटली. प्र. ३ बोंबललं.

१५ जुलै
मालकांकडे महिनाभरासाठी ‘रुसली’चं बटण मागितलं. “अहो मॅडम, मशीन काय सासरी नांदायला आलीय का?” खूप हसले, पण हो म्हणाले.

२१ ऑग.
‘रुसली’ दाबलं की तपासणी. कधी बेअरिंग, कधी पट्टा. मोडायच्या आधीच सापडतंय! ‘इतर’ जवळजवळ बंद. चाचा बाकीच्यांना दम देतात, “उगा दाबू नगा. आदी हात ठिवून बगा, मंग रुसली म्हना.”
इतका अभिमान वाटला. माझं संशोधन! शोध चाचांचा, मी फक्त बटण मागितलं, हे कळतं. तरी छाती फुगलीच.

२ सप्टें.
गाइड मॅडम म्हणाल्या, “काम उत्तम. पण प्रबंधात ‘रुसली’? ‘असामान्य कंपन’ लिही.” मालकांनाही तेच सुचलं. दुसऱ्या युनिटला हेच अ‍ॅप जाणार, तिथले लोक हसतील म्हणे. दोघांना मिळून एक शब्द जड झालाय.
चाचांना सांगितलं. “असामान्य म्हंजी?” समजावलं. “मंग समदी पुन्हा ‘इतर’च दाबत्याल.”

८ सप्टें.
प्र. ३ नव्यानं लिहून पाठवलं. मथळा: ‘रुसली’. शब्द कोणाचा, ते पहिल्याच ओळीत. माझा जुना मथळाही ठेवलाय, चूक म्हणून. इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही.
मॅडमचा एका ओळीचा निरोप: गुरुवारी समितीपुढे ठेवू, समिती ठरवेल ते. मालकही तोवर बटणाचं नाव बदलायचं थांबणार.
चाचांनी विचारलं, “आन न्हाई ऐकलं तर?”
“तर मी रुसेन.”
पहिल्यांदाच हसले. “मंग आवाज बदलंल तुमचा. मला कळंल.”