लिहून दिलेली वाळवी

२० ऑगस्ट १९७४, वालूर

पोचलो बुवा एकदाचा. सेलूपर्यंत रेल्वे, तिथून एसटी, आणि सबंध प्रवासभर मांडीवर माझ्या कादंबरीचं बाड. दोनशे बारा पानं, एकही पूर्णविराम नाही. औरंगाबादेतल्या एकाही शहाण्याला ती कळली नाही, म्हणून आता ही मास्तरकी. बरंच झालं. इथं आपल्याला कोण ओळखत नाही, आपणही कुणाला ओळखत नाही, निवांत लिहावं.

हेडमास्तर किशनराव लय गोड माणूस. शाळेमागची खोली त्यांनी मला राहायला दिली. खिडकीतून तूर दिसते, तुरीपलीकडं बांधावर पुरुषभर उंचीचं वारूळ. खोलीत दोन मोठी कपाटं आहेत. मागचे ड्रॉइंग मास्तर चंद्रभान गुरुजी दीड वर्षापूर्वी वारले, त्यांची पुस्तकं आत. त्यांच्या घरावरचा पत्रा गळायचा म्हणून पुस्तकं शाळेत राहिली, असं किशनराव सांगत होते. त्यांची बाई कधीतरी येऊन घेऊन जाईल, तोवर सांभाळा म्हणाले.

शिपाई भुजंगनं वळकटी आणून टाकली आणि न विचारता माहिती दिली, की ती चिनी पुस्तकं हायत, सर, उलटी उघडतेत, निस्ती बघायला गेलं तरी डोस्कं उठतं. आणि तुमचं हे बाड कशाचं, खतावणी का, असंही विचारलं. मी कादंबरी म्हणालो. तो म्हणाला, असू द्या.

२२ ऑगस्ट

चिनी नाहीत! जपानी आहेत. एकशे सात!

कॉलेजात असल्यापासून मी जपानी चित्रांची पुस्तकं हुडकतोय. हैदराबादच्या फुटपाथवर, औरंगाबादच्या रद्दीत. पाच वर्षांत जमली चार, त्यातली दोन बिनपुठ्ठ्याची. आणि इथं वालुरात, तुरीच्या शेतालगत, निळ्या कापडी वेष्टनांत, हाडाच्या खिट्या लावून, एकशे सात. काही पडद्यासारखी घडीघडीनं उलगडतात. काही रेशमी दोऱ्यानं शिवलेली. नारा गावातल्या देवळांच्या मूर्ती, चहाच्या वाट्या, किमोनोवरचे नमुने, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं, आणि दर चित्रावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद. मधेमधे कडूलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे.

प्रत्येकात गुरुजींची पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे. एकीवर लिहिलंय: 'ह्याचे ठसे युद्धात जळाले. आता पुन्हा छापणे नाही.'

आज शाळेत काय शिकवलं आठवत नाही.

३० ऑगस्ट

किशनरावांना खोदून विचारलं. गुरुजी दर रविवारी सायकलीवर चारठाण्याला जायचे, तिथल्या जुन्या देवळांच्या खांबांवर कागद लावून कोळशानं घासून नक्षी उठवून घ्यायचे. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर कधीतरी त्यांना एक जपानी भंते भेटले होते. त्यांच्या ओळखीनं क्योतोतल्या एका म्हाताऱ्या पुस्तकवाल्याला ते ही नक्षी टपालानं पाठवायचे, आणि म्हातारा बदल्यात पुस्तक धाडायचा. चौदा वर्षं. नमुन्याला पुस्तक. पोस्टमन म्हणे पार्सल घेऊन आला की अख्खी वस्ती गोळा व्हायची.

हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. जळायला लागलो मी. एका मेलेल्या माणसावर.

८ सप्टेंबर

गुरुजींची बायको येऊन गेली. सरजाबाई. पन्नाशीची, पांढरं लुगडं, उन्हातून चालत आलेली तरी चेहऱ्यावर घाम नाही. विहाराला आता स्लॅबची खोली झाली, कपाट झालं. चौदा ऑक्टोबरला सगळे जमतेत, त्या दिवशी गुरुजींची पुस्तकं तिथं मांडायची, असं म्हणाली. गुरुजी दर पुनवेला वस्तीतल्या लेकरांना हात धुवायला लावायचे आणि एक पुस्तक दाखवायचे. दीड वरीस झालं लेकरं इचारायलेत, सर.

मी म्हणालो यादी करतो, आठ दिवसांनी या.

ती गेल्यावर दार लावून बसलो. तिथं काय होणार ह्या पुस्तकांचं? तेलकट बोटं, धूर, उंदीर. हे बघायला नजर लागते. मी आमच्या अनियतकालिकात क्रांतीवर दहा पानं लिहिलेला माणूस आहे, माझ्या मनात हे आलं ह्याची लाज वाटली. पण आलं. आणि गेलं नाही.

१४ सप्टेंबर

केलं. लिहून टाकतो, रोजनिशीशी कशाला खोटं बोलायचं.

शाळेला सुट्टी होती. एकशे सातही पुस्तकं माझ्या पत्र्याच्या पेटीत आणि खाटेखालच्या दोन खोक्यांत भरली. मग बांधावरचं वारूळ फोडून दोन टोपल्या माती आणली. जुन्या उत्तरपत्रिकांचे कपटे करून मातीत कालवले आणि दोन्ही कपाटांत सगळीकडं पसरले. मातीत पांढरं काहीतरी वळवळत होतं. म्हटलं, बरंच, जास्त खरं वाटंल.

१५ सप्टेंबर

सरजाबाई आली. मी तोंड पाडून कपाट उघडलं. सगळं वाळवीनं खाल्लं म्हणालो.

ती रडली नाही. मातीत हात घालून चिमूटभर माती बोटांत चोळत राहिली. आमच्या गुरुजींनी पाला घातला व्हता, एवढंच म्हणाली. मग म्हणाली, लिवून द्या. वस्तीत माझ्यावर कोन इस्वास ठिवनार? नवीन सरांनी लिवून दिलं म्हंजे ठिवतेल.

फुलस्केपवर लिहून दिलं: 'कै. चंद्रभान गुरुजी यांची सर्व पुस्तके वाळवीने खाल्ली. एकही शिल्लक नाही.' खाली सही. तिला वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. बोट ठेवून एकेक शब्द वाचला तिनं आणि 'कै.'वर थांबली. म्हणाली, आमचे गुरुजी कैलासाला न्हाई गेले, सर. कालकथित लिवा. मी ओशाळून खोडलं, वर तसं लिहिलं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं.  आनि काय चुकलंय का ह्यात, सर, असं विचारलं.

मी नाही म्हणालो.

तिनं घडी करून कागद कमरेला खोचला. तुमच्या हातानं लिवलंय, म्हणाली. आता हेच खरं.

२१ सप्टेंबर

रोज दुपारी एक पुस्तक बघतोय. धुतलेल्या हातानं. सुख म्हणतात ते हेच असेल.

भिंतीच्या कडेनं मातीची एक रेघ वर चढलीय. करंगळीएवढी जाड. फोडली तर आत वाळवी. भुजंगनं रॉकेल ओतलं आणि डोळा बारीक करून म्हणाला, ती माती आत आनून मोठा शानपना केलाव, सर. त्याला कसं कळलं? बांधावरचं फुटकं वारूळ अख्ख्या गावाला दिसतं, सर, म्हणाला.

२६ सप्टेंबर

कादंबरी गेली. दोनशे बारा पानं. वरून बाड जसंच्या तसं, दोरी सोडली तर आत निव्वळ माती. ते उशाला होतं. त्याखाली, खाटेखाली, जपानी खोकी. त्यांवर मातीचा कण नाही. रेशमी दोरासुद्धा शाबूत.

कीटकनाशक पावडर आणली. सगळीकडं टाकली.

२९ सप्टेंबर

डिग्रीचं सर्टिफिकेट. आईची पत्रं. आमच्या अंकांचे गठ्ठे. माझी स्वतःची ती चार जपानी पुस्तकंसुद्धा, दहा वर्षं जपलेली— नाही, पाच वर्षं. डोकं चालेना. ज्यावर माझं नाव आहे तेवढंच खातायत. ह्या रोजनिशीला अजून धक्का नाही.

पुस्तकं देऊन टाकावीत झालं.

१ ऑक्टोबर

भर उन्हात मूर्तींचं सगळ्यात मोठं पुस्तक पंच्यात गुंडाळून वस्तीत गेलो. सरजाबाई दारात मिरच्या निवडत होती. सगळं सांगणार होतो. पंचा सोडला.

माती. दोन ओंजळी माती.

ती म्हणाली, हे काय आनलंव सर? तुमीच लिवून दिलंव ना, एक बी न्हाई म्हनून? शेजारच्या बाया हसल्या. एकजण म्हणाली, मास्तर चुलीला पोतारा द्यायला माती आनून द्यायलाय.

पळत खोलीवर आलो. पुस्तक पेटीत होतं. खिट्या लावलेलं. कोरं करकरीत.

३ ऑक्टोबर

पाच पुस्तकं नेली. पाचही वेळा माती. किशनरावांना खोलीवर बोलावून पेटी उघडून दाखवली. त्यांनी आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चार दिवस गावाकडं जाऊन या म्हणाले. त्यांना पेटीत माती दिसली.

म्हणजे ती पुस्तकं मला एकट्यालाच दिसतात. फक्त मला.

५ ऑक्टोबर

डाव्या पायाला काही जाणवत नाही. बूट काढला तर टाचेपासून घोट्यापर्यंत मातीची रेघ. ओली. खरवडली. खाली कातडी नाही— सुकलेल्या फळीसारखं काहीतरी, भोकं भोकं. रक्त नाही.

भुजंगला दाखवलं. तो दारातूनच मागं सरला. वाळवी जित्याला शिवत नसती, सर, म्हणाला. मेलेलंच खाती.

७ ऑक्टोबर

काठी घेऊन सरजाबाईकडं. कागद परत मागितला. पाया पडलो.

ती उभीच होती. म्हणाली, पत्रा गळाया लागला तवा पुस्तकं पाठीवर घेऊन गुरुजी नदीनाल्याचं पानी तुडवत शाळंत आले, सर. आनि तुमी बसल्या जागी एका वळीत खाऊन टाकले. मी तुमाला इचारलं व्हतं, आनि काय चुकलंय का. तवा एक शब्द बोलले असते तर मी तुमाला चहा करून पाजला असता.

कागद विहाराच्या नव्या कपाटात ठेवलाय म्हणाली. काचेमागं. पुस्तकांच्या जागी. लेकरं वाचतेत.

मग मी काय करू, विचारलं.

खरं लिवून आना. त्याच हातानं. त्याच्याशेजारी लावते.

८ ऑक्टोबर

चार वेळा लिहिलं. वस्तीच्या वाटेवर, खिशात— चारही वेळा चाळण. अक्षरं तेवढी खाल्लेली. कोरा भाग तसाच.

१० ऑक्टोबर

दोन्ही पाय. भिंत दिसत नाही आता, सगळी माती. आवाज येतो— भर दुपारी— पावसाच्या बारीक थेंबांसारखा. माझ्या आतून.

पेटी उघडी. पुस्तकं इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. पान उलटायला बोटं—

१२ ऑक्टोबर

तोंडानं सांगून बघितलं. खिडकीत भुजंग होता. तोंड उघडलं— जिभेवर माती. तो पळाला.

उजवा हात अजून माझा आहे. मनगटाला रेघ लागलीय.

एवढी एकच वही खाल्ली नाही त्यांनी. का? इथं तर मी सगळं खरं—

विहारातल्या कपाटातला कागद का खाल्ला नाही ते कळलं. तो साक्षीला राखून ठेवलाय.

१३ ऑक्टोबर

उद्या सगळे जमणार. भुजंग परत आलाय. सरजाबाईनं पाठवलंय म्हणाला, लिवून झालं असंल तर घेऊन ये. खिडकीतून हात आत घालून उभाय, तोंड फिरवून. ह्याच वहीचं पान फाडून देतो— ह्या वहीला ते शिवत नाहीत— नीट, एका ओळीत—

मी, बन्सीधर, ह्याच हातानं लिहून देतो की कालकथित चंद्रभान गुरुजींची सगळी पुस्तकं वाळवीनं खाल्ली हे