मखराशेजारचा नाच

४ नोव्हेंबर
माझ्या नाचाच्या वर्गाला सोसायटीचा हॉल मिळाला! म्हणजे अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात सोसायटीच्या गणपतीचं मखर. आमचे हे सेक्रेटरी, म्हणजे घरचाच माणूस – पण छे! "मखर हलणार नाही. अमेरिकेतले नाच अमेरिकेत."

लेकीकडे राहून मी एकच गोष्ट शिकून आले – कॉन्ट्रा डान्स. दोन रांगा समोरासमोर, जोडीदाराचे हात धरून गिरकी, मग पुढच्या जोडीकडे. तिथे साठीचे नवरे बायकांबरोबर मजेत नाचतात. आमचे हे रस्त्यातसुद्धा चार पावलं पुढे चालतात. मला यांच्याबरोबर एकदा तरी नाचायचंय. लिहिलं बाई एकदाचं!

८ नोव्हेंबर
पहिला दिवस. मी म्हटलं गिरकी, तर शेजारच्या वेणूबाईंनी वरच्या मजल्यावरच्या दीपालीला धरून सरळ फुगडीच घातली. पाय जुळवून, मागे रेलून! मखराचा खांब आडवा. हे दारातच उभे. "एक गेला. बाकीचेही पाडा, मग जागा होईल."

११ नोव्हेंबर
जागा नाही ना, मग नाच आखडायचा! पावलं छोटी, कोपरं अंगाशी, फुगडीला बंदी. रांगा इतक्या जवळ की समोरच्याच्या चष्म्यात आपलंच तोंड दिसतं. वेणूबाई म्हणतात, "हा नाच आहे की रेशनची रांग?" पण जमलं.

१५ नोव्हेंबर
माझी जोडीदार दीपाली, तिला ताप. मी एकटीच उरले. वेणूबाईंनी यांना दंडाला धरून माझ्यासमोर उभं केलं. "खांबांवर लक्ष ठेवायचंय ना? इथून ठेवा!"

हे नाचले! चेहरा वीजबिल भरायला आल्यासारखा, पण नाचले. पाठीमागे मखर, सरकणार कुठे? हात धरूनच राहावं लागलं. मला इतका आनंद झाला की पुढची पावलंच विसरले. घरी येताना मात्र पुन्हा चार पावलं पुढे.

२२ नोव्हेंबर
कमिटीने मखर गच्चीवरच्या खोलीत हलवलं. माझ्याच, पहिल्या आठवड्यात केलेल्या अर्जावरून. ऐसपैस रांगा! हे आले खरे, पण गिरकी संपली की हात सोडून थेट पलीकडच्या भिंतीला. वेणूबाईंची फुगडी तेवढी झकास झाली. मला रडूच आलं. हातानं धोंडा पाडून घेतला पायावर!

२३ नोव्हेंबर
मखर परत हॉलमध्ये! वॉचमनला घेऊन यांनीच उतरवलं म्हणे. का, विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वर ओल येते."

ओल! नोव्हेंबरात!

आणि ठेवलंय ते आधीपेक्षा हातभर पुढे.