बुजवलेले झरोके

९ जुलै
हे घर मला खरं कितीला पडलं? कागदावरचा आकडा सोडा. दोन गुडघे, एक पाठ, आणि दुसऱ्यांच्या घरांखाली पोटावर सरपटण्यात गेलेलं सगळं तारुण्य. पण आज किल्ली माझ्या खिशात आहे, दारात ओकचं झाड आहे, पुढे खाडी. ट्रकला टेकून उकडलेल्या शेंगा खात नुसता घराकडे बघत राहिलो.

बायको, डार्लीन, अजून तिच्या बहिणीकडेच आहे. तिचा दमा ओलीवर पोसला जातो. डॉक्टरांनी बजावलंय, आणखी एक दमट उन्हाळा तिला झेपायचा नाही. म्हणून ती यायच्या आत घराचं पोट कोरडं करायचं. घर जमिनीपासून हातदीडहात उचललेलं, खाली उघडी माती. मातीवर जाड प्लास्टिक, सांध्यांना टेप, पायाच्या भिंतीतले झरोके बंद. जॉर्जियाच्या या किनाऱ्यावर हे काम माझ्याइतकं चोख कुणी करत नाही. माझं प्लास्टिक आजवर फाटलेलं नाही.

१० जुलै
शेजारच्या मिस ऑटी टोमॅटो घेऊन आल्या. म्हणाल्या, आधीचा मालक लॅथम झरोके कधी बंद करायचा नाही. इथे थंडीत सगळेच बंद करतात, नाहीतर खालचे नळ गोठून फुटतात. लॅथमचे दोनदा फुटले, तरी नाही. मी म्हटलं, आळशी असेल. त्यावर म्हणाल्या, आळशी होताच, पण मूर्ख नव्हता. आणि तू, ड्वेन, आळशी नाहीस, एवढंच. खाली जे आहे ते झरोक्यांतूनच श्वास घेतं म्हणे. नाक दाबलंस तर तोंड उघडेल. बाई जिभेची तिखट. टोमॅटो मात्र गोड निघाले.

१२ जुलै
काम झालं. मापांसाठी ही वही खिशात असतेच, म्हणून खालीच पडून लिहितोय. प्लास्टिक भिंतींवर चढवून ठोकलं, झरोक्यांत फोम कापून बसवला, कडेने फवारा मारून चिकटवला. आता मुंगीलाही वाट नाही. ओल ओढणारं यंत्र गुरगुरतंय. वास फक्त लाकडाचा.

१४ जुलै
डार्लीन आली. पायऱ्या मध्ये न थांबता चढली. मग म्हणाली, इतकी वर्षं तू घरी नुसता चिखल आणायचास, आज पहिल्यांदा हवा आणलीस. मी तोंड फिरवून सामान उतरवायला लागलो.

१५ जुलै
माझे कान तिखट. फळ्यांवर उभा राहून खालची गळती कुठली ते सांगतो. आज जेवताना खाली प्लास्टिक चुरचुरलं. थांबलं. पुन्हा चुरचुरलं. वारा शिरला की होतं असं.

पण झरोके तर बंद आहेत.

१६ जुलै
खाली जाऊन पाहिलं. प्लास्टिक पाव फुगावा तसं फुगलेलं. हात ठेवला. कोमट. हाताखाली सावकाश बसलं — मग वर आलं. सांधे सगळे शाबूत. वर डार्लीन खोकत होती.

१७ जुलै
दिवसभर कान देऊन ऐकलं. प्लास्टिक फुगतं तेव्हा डार्लीनचा श्वास अडतो. बसतं तेव्हाच तिला हवा मिळते. तिचा पंप संपत आलाय.

मिस ऑटींना कुंपणावरून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी तिला बाहेर काढ. डार्लीन ऐकत नाही. म्हणते, जन्मभर भाड्याच्या घरात खोकले, आता स्वतःच्या घरात खोकू दे की.

१८ जुलै, दुपार
डार्लीनला उठवत नाही. ओठ निळे. ॲम्ब्युलन्स बोलावली — पुलापलीकडून येणार. तोवर झरोके तरी — बाहेरून फोम निघेना. माझंच चोख काम. सुरी घेऊन घराखाली शिरलोय.

पुढे सरकायचा धीर होत नाही, म्हणून लिहितोय.

प्लास्टिक सपाट पडलंय. हलत नाही. वर, बरोबर माझ्या डोक्यावर, डार्लीनचा श्वास ऐकू येतोय. मोकळा. लांब. फार लांब — एवढा श्वास तिच्या छातीत कधी मावला नाही —

बॅटरी तिच्या पलंगाखालच्या जागेवर धरली. तिथे चीर आहे. कडा वर वळलेल्या.

माझं प्लास्टिक फाटलेलं आहे. खालून —