भिंतीपलीकडची धाप

४ जानेवारी
पोचलो एकदाचे! खोली हॉस्पिटलच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर. ऊन भरपूर. सोबतीला वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आल्या आल्या त्यांनी शेगडी घासली, नळ घासला आणि मग घरमालकीणबाईंची उलटतपासणी घेतली. त्या असताना माझ्या आजाराची काय बिशाद!

९ जानेवारी
डॉक्टरांनी नीट समजावलं. फुफ्फुसातल्या गाठीवर नेम धरून काम करणारी गोळी रोज घ्यायची, जोडीला रेडिएशन. दोन्ही मिळून गाठ आटेल. पण हा दुहेरी मारा कधीकधी चांगल्या फुफ्फुसालाही सोसत नाही. कोरडा खोकला, ताप, धाप, काहीही वाटलं तर लगेच सांगा, म्हणाले. मग गोळी थांबवावी लागेल. वन्संनी एवढंच विचारलं, हिचे केस राहतील ना? डॉक्टरही हसले.

२ फेब्रुवारी
मशीनखाली गप पडून राहायचं, एवढंच काम. तरी रस्ता ओलांडून खोलीवर येईपर्यंत अंगातलं त्राण संपतं. घास चावायचाही कंटाळा येतो. वन्सं चमचा घेऊन बसून राहतात.

८ मार्च
गाठ निम्म्याहून लहान झाली! ह्यांना फोन केला, तर पलीकडून नुसतं रडणं. वन्सं डोळे पुसत मलाच ओरडल्या, की आता तरी पोटभर जेव.

१५ मार्च
कोरडा खोकला. धूळ असेल. कुणाला बोलले नाही. बोलले की गोळी बंद. तीच तर मला जगवतेय.

१९ मार्च
दुपारी भिंतीपलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं. भरभर, जिना चढून आल्यासारखं. घरमालकीणबाई म्हणाल्या, त्या खोलीला कुलूप आहे.

२१ मार्च
पुन्हा तेच. न्हाणीघरातही. जिन्यातही. माझ्या मागे मागे—

२२ मार्च
भिंतीला कान लावला. नीट ऐकू यावं म्हणून श्वास रोखला. आवाज थांबला.
सोडला— सुरू.
मीच ती.

२३ मार्च
ताप. आडवं पडवत नाही. कुणी छातीवर बसल्यासारखं— वन्सं म्हणाल्या, अगं, तुझे ओठ असे निळे काय दिसतायत? थंडीने, म्हटलं. खिडकीतून ऊन येत होतं.

दुपार
सांगून टाकते. गोळी गेली तर गेली. वन्सं खाली गेल्यात. फोन टेबलावर. टेबल एवढंसं लांब— उठले— बसले—
जिन्यात पावलं. वन्संच. दाराशी थांबून किल्ली शोधतायत— हाक मारायची, तर आधी श्वास—