तुम्ही मला काठावर बसवलंत

अण्णा,

सहलीचा अहवाल काल शाळेत दिला. त्यात किल्ल्याचे बुरूज आहेत, भरती-ओहोटीची माहिती आहे आणि ‘मुलींनी समुद्रदर्शनाचा आनंद घेतला’ असं एक वाक्य आहे. जे त्यात लिहिलं नाही ते या वहीत तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता त्रेचाळीस वर्षांची आहे, सेलूला मुलींच्या शाळेत शिकवते, आणि तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्ही होतात तेव्हा हे तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

सोनपेठच्या अलीकडे आपलं गाव, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गोदावरीवर तुमची पोहण्याची शाळा. ऊन चढायच्या आत तुम्ही निघायचात. खांद्यावर दोरीत ओवलेले वाळके भोपळे, मागे दहा-बारा मुलं, त्यांत दादा, आणि सगळ्यांच्या मागे मी. पाठीला दोन भोपळे बांधून तुम्ही मुलाला पाण्यात सोडायचात. चार दिवसांनी एक काढायचात. दुसरा मात्र त्याला न सांगता, बोलता बोलता काढून घ्यायचात, आणि ते पोर पैलतीराकडे तोंड करून हात मारतच राहायचं. ब्राह्मणाची, मराठ्याची, शेजारच्या मुसलमान मुनशीजींचीसुद्धा मुलं तुम्ही शिकवलीत. लोक अजून तुमची आठवण काढतात. म्हणतात, मास्तर असा होणे नाही. मी मान डोलावते.

मी नऊ वर्षांची होते. दादाला आता भोपळे लागत नव्हते, म्हणून त्याचा एक मी पाठीला बांधला आणि गुडघाभर पाण्यात उतरले. तुम्ही निथळत बाहेर आलात, माझ्या पाठीची गाठ स्वतः सोडलीत आणि म्हणालात, “तुझं काय काम पाण्यात? कपडे सांभाळ. आणि डोकी मोजत राहा, एक कमी दिसलं की ओरड.” आवाज चढला नाही. चढला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मला काम दिलंत, आणि कामाला नाही कसं म्हणायचं? पुढचे चार उन्हाळे मी सदरे राखले. मुलं पाण्यातून ओरडायची, “ए चौकीदारीण, माझी टोपी उडाली बघ.” तुम्ही हसायचात, अण्णा. मला ते स्वच्छ आठवतं.

त्या सुट्टीच्या शेवटी तुम्ही तोच भोपळा कापून, आतून खरवडून मला दिलात. “तुला आवडला होता ना? घे.” आईने त्यात मीठ भरलं आणि चुलीजवळ टांगला. लग्न होऊन जाईपर्यंत, आणि तीन वर्षांनी कपाळ पुसून परत आल्यावरही, मी त्यातूनच वरणात मीठ घातलं. आज सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तुम्ही तो दिलात त्या दिवशी मी आनंदाने नाचले होते.

तुमच्या वेळी कोकण म्हणजे परमुलूख. निजामाची हद्द ओलांडायची तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. आता आपणही मुंबई राज्यात आलो, आणि यंदाच्या थंडीत शाळांच्या मुलींसाठी समुद्रकाठी शिबिर निघालं. बुरुजावर दोराने चढणं, खाडीत होडी वल्हवणं, समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत जाणं. मी अठरा मुली घेऊन गेले. संमतीच्या चिठ्ठ्यांवर मी फक्त ‘समुद्रदर्शन’ लिहिलं होतं, कारण पाण्याचं नाव काढलं असतं तर अर्ध्या मुली घरीच राहिल्या असत्या. पाथरीकडची एक धनगराची मुलगी आमच्या वसतिगृहात असते. तिचा बाप अंगठा उठवताना म्हणाला, “बाई, पाणी दिसलं की ही ऱ्हात न्हाई. मेंढरं धुवायला नेली की आदी हीच आत. तेवढं बगा.”

बुरूज त्या चढल्या, होडीही वल्हवली. तिसऱ्या दिवशी शिबिरवाल्यांनी आम्हाला खाडीच्या तोंडाशी नेलं. ओहोटी होती, पाणी कमरेइतकं. तिथे एक पोक्त कोळीण मुलींना पाण्यावर तरंगायला शिकवत होती. पुण्याकडच्या मुली केव्हाच आत होत्या. माझ्या अठरा काठावर रांगेत उभ्या.

ती धनगराची पोर माझ्याजवळ आली. “बाई, मी जाऊ का? मला पवायला येतंय.”

मी म्हणाले, “तुझं काय काम पाण्यात? सगळ्यांचे कपडे सांभाळ.”

तुमचेच शब्द, तुमचाच तो न चढलेला आवाज. माझ्या तोंडून ते इतके सहज निघाले की माझं मलाच कळलं नाही. कळलं ते तिच्यामुळे.

“मंग इतक्या लांब आणलं कशाला वो, बाई?” ती म्हणाली. “कपडे राखायचं काम तर घरी बी व्हतं.”

बाकीच्या मुली माझ्या हाताकडे बघू लागल्या. आता आपली बाई हिला मारणार, असं त्यांना वाटलं असावं. नऊ वर्षांच्या मला हे एवढं वाक्य सुचलं नव्हतं, अण्णा. चौतीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्या पोरीला पापणी लवायच्या आत सुचलं, आणि तिने ते तुम्हाला नाही, मला ऐकवलं. मी तुमच्या जागी उभी होते, आणि तिथून ती मला फार लहान दिसत होती. तुम्हाला मी अशीच दिसले असेन.

मी म्हणाले, “जा. सगळ्या जा.” नंतर काय होईल, कोणाचा बाप शाळेत येऊन काय बोलेल, याचा विचार केला नाही. ती दोन पावलं गेली आणि वळली. “आन् तुमी?”

मी काष्टा घट्ट केला आणि आत गेले. आणखी पुढे गेले, पाणी छातीला आलं तशी थांबले. कोळिणीने पाठीखाली हात धरला. “बाय, आंग सैल सोड. खात नाय पाणी तुला.” मी आकाशाकडे पाहिलं. दम कधी भरायचा, मान कुठे टाकायची, सगळं मला ठाऊक होतं. चार उन्हाळे काठावरून मी तुमचं मुलांना ओरडून शिकवणं ऐकलं होतं. मी तरंगले. हात काढून घेऊन ती म्हणाली, “तू तर शिकलेली हायेस. कुनी शिकवलं?”

मी म्हणाले, “माझ्या वडिलांनी.”

ते ऐकून धनगराची पोर पोहत जवळ आली. “बाई, आदी सांगितलं का न्हाई?” मग सगळ्याच मागे लागल्या. परतीच्या गाडीत मनमाड येईपर्यंत मी त्यांना तुमच्याबद्दल सांगत होते. हाताला धरून मला नदीत कसं नेलंत, मी पहिल्यांदा पैलतीर गाठला तेव्हा काठावर उभे राहून कसे हसलात. एक शब्द खरा नव्हता. ही वही कुलपात जाईल, मुलींना मी खरं सांगणार नाही. त्या खोट्यात तुम्ही फार चांगले होतात, अण्णा, आणि मला ते सोडवत नाही.